निकेलचा रुपया

चेन्नई शहराच्या उत्तर भागात, साहुकारपेठेला लागून, एक लांबच लांब रस्ता आहे. इंग्रजीत त्यास मिंट रस्ता म्हणतात आणि तमिळमध्ये तंगसालै. बदली होऊन येथे आलो तेव्हा हे नाव प्रथम कानी पडताच मला आपल्या टाकसाळीचाच भास झाला. कचेरीतील एका तंजावरी मराठी सहकाऱ्यांनी खुलासा केला, की तंगम् म्हणजे सोने. सोन्याचे काम जेथे चालते ती तंगसालै. अर्थ मात्र आपला तोच, टाकसाळ. ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात सेंट जॉर्ज किल्ल्यात नाणी पाडण्यास प्रारंभ केला. पुढे १८४० च्या सुमारास ही टाकसाळ या वस्तीत आली आणि १८६९ मध्ये कायमची बंद झाली. होन आणि रुपये पाडणारी यंत्रे गेली, कामगार गेले. रस्त्यास नाव तेवढे राहिले. आज त्या रस्त्यावर पितळी समया, पूजेची उपकरणी, मारवाडी मिठाई आणि कागदाची घाऊक दुकाने यांची दाटी असते. चालणाऱ्या माणसाच्या खिशात खुळखुळणारी नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा नोएडा येथून आलेली असतात.

या नाण्यांकडे निरखून पाहण्याची बुद्धी मला झाली ती एका घरगुती प्रसंगामुळे. गेल्या दिवाळीत मिरजेहून परत येताना वडिलांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्या स्वाधीन केला. त्यात दोन कापडी पिशव्या होत्या. एकीत पणजीने जपलेले दहा राणीछाप रुपये होते. दुसरीत आजोबांचे निकेलचे रुपये होते. आजोबा रेल्वेत कारकून होते. १९५१ साली नोकरीस लागल्यापासून १९५९ पर्यंत दर महिन्यास पगाराच्या दिवशी एक कोरा करकरीत रुपया ते बाजूस काढीत. बारा नवे एकशेआठ. पुढे मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढला आणि हा नेम मोडला. आजी त्यांना म्हणे, "तुमच्या आईनं जपलं ते अडचणीला उपयोगी पडलं, तुम्ही जपलंत त्याची भाजी तरी येईल का?" या प्रश्नास आजोबांनी कधी उत्तर दिल्याचे कोणास आठवत नाही.

चेन्नईस आल्यावर आमच्या आठ वर्षांच्या कन्येने शाळेतून मिळालेला लोहचुंबक घेऊन त्या डब्यास वेढा घातला. पणजीच्या राणीछाप रुपयास चुंबक चिकटेना. आजोबांचा प्रत्येक रुपया मात्र टपकन उडी मारून चुंबकास बिलगला. मग तिने आपल्या गल्ल्यातील नाणी काढली. माझ्या संग्रहातील १९७५ चा रुपया चिकटला नाही. १९९२ चा चिकटला. "बाबा, पणजोबांनी लोखंडाचे रुपये जमवले होते का?" असे तिने विचारले. या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला जे वाचावे लागले, त्यातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

आजोबांचे रुपये लोखंडाचे नव्हेत. ते शुद्ध निकेलचे आहेत. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल या तीनच परिचित धातूंना चुंबक साध्या तापमानात असा जोराने ओढतो. परंतु निकेलमध्ये तांबे पुरेसे मिसळले, की हा गुण नाहीसा होतो. १९७५ च्या रुपयात तीन भाग तांबे व एक भाग निकेल आहे, म्हणून तो चुंबकास दाद देत नाही. १९९२ चा रुपया पोलादाचा आहे. त्यात लोखंड व क्रोमियम आहे, निकेल नाही, म्हणून तो पुन्हा चिकटतो. चांदी चिकटण्याचा प्रश्नच नाही. तात्पर्य, मुलीच्या हातातील त्या लहानशा चुंबकाने आपल्या देशाच्या चलनाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास चार ढिगांत वेगळा करून दाखविला होता.

निकेल हा धातू म्हणून ओळखला गेला तो १७५१ मध्ये. स्वीडनमधील आक्सेल क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने तो प्रथम वेगळा केला. त्यापूर्वी जर्मनीतील खाणकामगारांना एक तांबूस खनिज सापडत असे. तांबे मिळेल या आशेने ते भट्टीत घालावे, तर तांबे तर निघत नसेच, उलट विषारी धूर मात्र निघे. खाणीतील खट्याळ भुताने तांब्यावर करणी केली, असे मानून त्यांनी त्यास 'कुप्फरनिकेल', म्हणजे भुताचे तांबे, असे नाव दिले. त्या शिवीतील अर्धा शब्द पुढे धातूच्या वाट्यास आला.

धातू अज्ञात असला तरी त्याचा मिश्रधातू मात्र फार जुना आहे. हिंदुकुशापलीकडील बाख्त्रियाच्या ग्रीक राजांनी, म्हणजे दुसरा युथिडेमस, पँटालिऑन व अगाथोक्लीस यांनी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी जी नाणी पाडली, त्यांतील काहींचे एकोणिसाव्या शतकात रासायनिक पृथक्करण करण्यात आले. त्यांत तांब्याबरोबर सुमारे वीस टक्के निकेल आढळले. चीनमधील युनान प्रांतात 'पांढरे तांबे' या नावाचा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू शतकानुशतके तयार होत असे आणि अठराव्या शतकात कँटन बंदरातून तो युरोपात जाई. त्याची नक्कल करण्याचा प्रयत्न जर्मन कारागिरांनी १८२३ च्या सुमारास यशस्वी केला, आणि चांदीचा कणही नसलेल्या या धातूस 'जर्मन सिल्व्हर' हे नाव पडले. आपल्याकडे जुन्या पिढीतील बायका अॅल्युमिनियमच्या पातेल्यास 'जर्मनचं पातेलं' म्हणत, त्याचे मूळ बहुधा याच शब्दात असावे. पांढरी, हलक्या मोलाची नवी भांडी आली आणि आधीच ओळखीचे झालेले नाव त्यांना चिकटले. अॅल्युमिनियमची भांडी हिंदुस्थानात प्रथम घडविण्याचा मान मात्र मद्रासचा. येथील कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये तो उद्योग सुरू केला.

नाण्यांसाठी निकेल का निवडावे, याची कारणे व्यवहारातील आहेत. चांदी ९६२ अंशांस वितळते, तांबे १०८५ अंशांस. निकेलला १४५५ अंश लागतात. शिवाय ते कठीण असते. घराच्या परसात भट्टी लावून खोटी नाणी ओतणाऱ्याचे येथे काही चालत नाही. नाणे उठविण्यासही मोठा दाब देणारे यंत्र लागते. तांब्यात चौथा हिस्सा निकेल घातले, की तांबडा रंग पार लोपून धातू चांदीसारखा पांढरा दिसतो, झिजत नाही, काळा पडत नाही. बेल्जियमने १८६० च्या सुमारास या मिश्रधातूची नाणी काढली, अमेरिकेने १८६६ मध्ये पाच सेंटचे नाणे काढले, आणि जगातील बहुतेक टाकसाळींनी हाच कित्ता गिरविला.

आपल्या देशात निकेलचा प्रवेश १९०६ च्या नाणे कायद्याने झाला. तांब्याचे निकेलमिश्रित एक आण्याचे नाणे मुंबईच्या टाकसाळीत तयार होऊ लागले. त्याची कड फुलाच्या पाकळ्यांसारखी कातरलेली होती. अंधारात किंवा निरक्षर माणसाच्या हातातही ते बोटांनी ओळखता यावे, हा त्यामागील हेतू. त्यावर एक आणा हे मूल्य इंग्रजीखेरीज फारसी, नागरी, बंगाली व तेलुगू लिप्यांत कोरलेले असे. मद्रास इलाख्याचे मुख्य शहर ज्या भाषेचे, त्या तमिळची लिपी त्यावर नव्हती. ही गोष्ट येथील जाणकार आजही हसत हसत, पण विसर न पडू देता, बोलून दाखवितात.

एक आण्यापुरते निकेल कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही. खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. येथे थोडे मागे जावयास हवे. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी सरकारने ही मुभा बंद केली. तेव्हापासून रुपया चांदीचा असला तरी त्याची किंमत चांदीमुळे नव्हे, सरकारच्या हुकमामुळे ठरू लागली. रुपयाचे वजन १८० ग्रेन, त्यातील शुद्ध चांदी १६५ ग्रेन. एक शिलिंग चार पेन्स या हुंडणावळीच्या दराने हिशोब केला, तर लंडनच्या बाजारात चांदी औंसास ४३ पेन्सांच्या वर गेली, की रुपया चालविण्यापेक्षा वितळविणे फायद्याचे होई. १९१७ च्या ऑगस्टात चांदीने ही मर्यादा ओलांडली. १९२० च्या फेब्रुवारीत ती ८९ पेन्सांपर्यंत चढली. लोकांनी रुपये दडवून ठेवले. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली, अमेरिकेने १९१८ मध्ये खास कायदा करून आपल्या खजिन्यातील चांदी हिंदुस्थानसाठी विकली, आणि चिल्लर नाण्यांतून चांदी हद्दपार होऊ लागली. १९१८ मध्ये निकेलमिश्रित चौकोनी चवली आली, १९१९ मध्ये अष्टकोनी पावली आणि गोल अधेली. अधेली मात्र दोन वर्षांतच थांबली. चार आण्यांपर्यंत लोकांनी हुकमाचे नाणे स्वीकारले. आठ आण्यांस त्यांना अजून चांदीच हवी होती.

याच उलथापालथीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये आपला 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध लिहिला; तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चलनाचे स्थैर्य राखावयाचे तर ते किती पाडावयाचे यावर पक्के बंधन हवे. ही मर्यादा सरकारच्या मर्जीवर सोडली तर भाव वाढतात व त्याचा भार गरिबावर पडतो, हा त्यातील विवेचनाचा गाभा आहे. नाण्याच्या धातूविषयी बोलताना आपण बहुधा धातूवरच थांबतो. आंबेडकरांनी नजर त्यापलीकडे नेली. आजीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे आहे. त्याकडे आपण पुढे वळूच.

दुसऱ्या महायुद्धात हाच खेळ पुन्हा झाला. १९४० मध्ये रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणली गेली. निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे, पाच टक्के निकेल व पाच टक्के जस्त असा चार धातूंचा रुपया निघाला. जुने चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द झाले. प्रथम राणीछाप, मग एडवर्डचे, मग जॉर्जचे. युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करावयाची होती, म्हणून युद्धानंतर चार धातूंचे रुपयेही गोळा करून त्यांतील चांदी वेगळी काढण्यात आली. १९४६ मध्ये पावली व अधेली, आणि १९४७ मध्ये रुपया, हे शुद्ध निकेलचे झाले. त्या रुपयावर एका अंगास बादशहा आणि दुसऱ्या अंगास चालता वाघ आहे. १९५० मध्ये बादशहाच्या जागी सारनाथचे सिंह आले व वाघाच्या जागी गव्हाच्या लोंब्या. वजन मात्र तेच राहिले, ११.६६ ग्रॅम, एक तोळा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या रुपयाने चांदी टाकली, पण चांदीच्या रुपयाचे वजन टाकले नाही. हातास तो ओळखीचा वाटावा, एवढी काळजी त्यात घेतली होती.

आमच्या घराण्यातील गोष्ट याच वर्षांतील आहे. पणजीजवळ चाळीस राणीछाप रुपये एका गाडग्यात होते. ते रद्द झाले, तालुक्यास जाऊन भरा, असे तलाठ्याने सांगितले. पणजीने ऐकले नाही. रुपया रद्द झाला तरी चांदी रद्द होत नाही, एवढे अर्थशास्त्र तिला कोणी न शिकविता कळत होते. पुढे आत्याच्या लग्नात त्यातील तीस सोनाराच्या तराजूत गेले आणि लग्न उरकले. उरलेले दहा माझ्यापुढे आहेत. आजोबांनी मात्र दर महिन्यास जो रुपया ठेवला, त्यास तराजूचे पाठबळ नव्हते. त्यामागे केवळ सरकारचा शब्द होता. १९५१ साली एका रुपयात जे येई, ते पुढे दहांत, पन्नासांत येईना. महागाई भत्त्याची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्या नोकरदारांस हे वेगळे सांगावयास नको. आजीच्या हिशोबात सासू जिंकली आणि नवरा हरला.

परंतु इतिहास एवढ्यावर थांबत नाही. १९५७ च्या १ एप्रिलला दशमान पद्धती आली. एक नवा पैसा ब्राँझचा, दोन, पाच व दहा नवे पैसे तांबे-निकेलचे, आणि पंचवीस, पन्नास व रुपया शुद्ध निकेलचे, अशी वाटणी झाली. त्यानंतर रुपया दर पिढीस हलका होत गेला. साठच्या दशकात तो १० ग्रॅमचा झाला. १९७५ मध्ये तांबे-निकेलचा ८ ग्रॅमचा, १९८३ मध्ये ६ ग्रॅमचा. १९९२ मध्ये तो पोलादाचा झाला व वजन पाच ग्रॅमांच्याही आत आले. २०११ मध्ये ते सुमारे पावणेचार ग्रॅमवर उतरले. पोलादी नाण्यांची सुरुवात १९८८ मध्ये दहा, पंचवीस व पन्नास पैशांपासून झाली होती. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. आपल्या बालपणीची 'चार आण्यांची गोळी' त्या दिवशी कायद्यानेही संपली.

निकेलने रुपया का सोडला, याचे उत्तर पाच रुपयांच्या नाण्यात सापडते. १९९२ मध्ये चलनात आलेले हे जाडजूड नाणे ९ ग्रॅमचे होते. त्यात पाऊण हिस्सा तांबे व पाव हिस्सा निकेल. २००७ च्या मे महिन्यात जागतिक बाजारात निकेलचा भाव टनास ५० हजार डॉलरच्या वर गेला. तांबेही साडेसात हजारांच्या आसपास होते. डॉलर तेव्हा सुमारे ४१ रुपयांचा. हिशोब करून पाहा. नाण्यातील सव्वादोन ग्रॅम निकेल साडेचार रुपयांहून अधिक किमतीचे, पावणेसात ग्रॅम तांबे दोन रुपयांचे. पाच रुपयांच्या नाण्यात सुमारे साडेसहा रुपयांचा धातू! ही नाणी वितळवून परदेशी नेली जात असल्याच्या व त्यांतून दाढीची पाती घडत असल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांतून येत होत्या. त्याच वर्षी पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅम पोलादाचे झाले.

१९१७ मध्ये चांदीचे जे झाले, नेमके तेच नव्वद वर्षांनी निकेलचे झाले. चांदी महागली म्हणून ज्या हलक्या धातूस आणले, तो स्वतःच महाग होऊन बसला आणि त्यासही मानाने निरोप द्यावा लागला. आणि आजोबांचे काय? ११.६६ ग्रॅम शुद्ध निकेलची त्या महिन्यातील किंमत सुमारे चोवीस रुपये होते. एकशेआठ रुपयांचे अडीच हजारांहून अधिक! वडिलांनी त्या वेळी हा हिशोब आजीस सांगितला. ती म्हणाली, "मग विकायचे होते." विकणे शक्य नव्हते, नाणे वितळविणे हा गुन्हा आहे, आणि २०११ च्या नाणे अधिनियमातही तशी तरतूद आहे. शिवाय ती तेजी काही महिनेच टिकली. आजोबा तर त्याआधीच गेले होते. पण आजीच्या स्वरात त्या दिवशी पहिल्यांदाच नवऱ्याच्या पिशवीविषयी थोडा आदर होता, असे वडील सांगतात.

निकेल रुपयातून गेले, तरी आपल्या घरांतून मात्र गेले नाही. ते स्वयंपाकघरात जाऊन बसले. न गंजणारे पोलाद इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये तयार केले. त्यात क्रोमियम होते, निकेल नव्हते. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातील संशोधकांनी क्रोमियमबरोबर निकेलही घातले. या दुसऱ्या जातीतूनच अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेले पोलाद निघाले, ज्याची भांडी आज घरोघर आहेत. आपण त्यास नुसते 'स्टील' म्हणतो. तमिळ गृहिणी 'एव्हरसिल्व्हर' म्हणते, सदैव चांदी! पेढीवरील दुकानदारापासून मोलकरणीपर्यंत हाच शब्द ऐकावा. चांदी परवडत नाही, पितळेला कल्हई लावावी लागते, चिंचेचे सार पितळेत कळकते. त्या जागी ही काळी न पडणारी चांदी आली. चिंचेवर चालणाऱ्या या प्रांतात तिचे स्वागत झाले नसते तरच नवल. महाराष्ट्रातही जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून स्टीलचा डबा घेताना तासभर घासाघीस करणारी आई आपणां सर्वांच्या आठवणीत आहे.

भांड्यावर नाव घालण्याची आपली चाल तर इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. आमच्याकडील एका पातेल्यावर आत्याचे नाव, लग्नाची तारीख व 'मामाकडून सप्रेम भेट' असे शब्द आहेत. ताम्रपट संपले; त्यांची परंपरा या स्टीलच्या पातेल्यांनी चालविली आहे. घरातील कागदपत्रे वाळवीने खाल्ली, तरी लग्ने, मुंजी व बारसे यांच्या तारखा मांडणीवरून वाचता येतात.

या भांड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना मात्र अनुभवाने द्यावीशी वाटते. येथे बिऱ्हाड मांडताना एका दुकानातून आम्ही सांबाराचे पातेले घेतले. चुंबक चिकटला नाही, तर स्टील उत्तम, असे दुकानदाराने सांगितले व लावूनही दाखविले. सहा महिन्यांत त्यास तळाशी बारीक तांबूस खळगे पडले. पुढे कळले, की निकेलऐवजी मँगेनीज व नायट्रोजन घालून केलेल्या स्वस्त जातीसही चुंबक चिकटत नाही. निकेलची टंचाई असताना अमेरिकेत १९५० नंतर ही जात प्रचारात आली, आणि निकेल नसलेल्या आपल्या देशात तिने फार मोठे स्थान मिळविले. ती वाईट आहे असे नव्हे. परंतु मीठ व आंबट यांपुढे ती अठरा-आठच्या तोडीची नाही, आणि चुंबक या दोहोंत निवाडा करू शकत नाही. २०२४ मध्ये अशा भांड्यांवर मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश निघाला आहे. खरेदी करताना ते चिन्ह व जातीचा आकडा पाहावा. माझ्या कन्येच्या चुंबकाने नाण्यांचा इतिहास अचूक सांगितला, पण भांड्यांच्या बाबतीत त्याच साधनाने आम्हांस फसविले.

स्वयंपाकघराबाहेर निकेलच्या मिश्रधातूंचा संसार फार मोठा आहे. त्यातील दोनच उदाहरणे देतो, कारण ती या शहराच्या अंगणातील आहेत. चेन्नईच्या दक्षिणेस परंगिमलै, म्हणजे सेंट थॉमस माउंट, ही टेकडी आहे. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ च्या एप्रिलमध्ये येथेच मोजावयास घेतली. साडेसात मैलांच्या त्या रेषेसाठी शंभर फुटी पोलादी साखळी होती. मद्रासच्या उन्हाने साखळी लांबते, म्हणून तिच्या जवळ उष्णतामापक ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती करावी लागे. ही मोजणी उत्तरेस नेता नेता लॅम्बटन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांची समाधी तेथे आहे. त्यांना ज्या धातूची गरज होती, तो १८९६ मध्ये सापडला. फ्रान्समध्ये शार्ल गियोम यांनी लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळून 'इन्व्हार' तयार केला. तो उष्णतेने जवळजवळ लांबतच नाही. पुढे जगभरच्या भूमापकांच्या फिती व तारा त्याच्याच झाल्या, आणि गियोम यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरे उदाहरण शहराच्या दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरवरील कल्पाक्कमचे. मद्रास अणुवीज केंद्रातील पहिली अणुभट्टी १९८३ मध्ये सुरू झाली. भट्टीतील उष्णता घेऊन पाण्याची वाफ करणाऱ्या तेथील नळ्या 'मोनेल' या मिश्रधातूच्या आहेत. दोन भाग निकेल व एक भाग तांबे, असे त्याचे ढोबळ प्रमाण. पाव हिस्सा निकेल घातले तर नाणे होते. प्रमाण उलटे केले तर अणुभट्टीच्या नळ्या होतात. धातू तेच, माप बदलले, की काम बदलते.

या सर्व निकेलपैकी आपल्या भूमीतील किती? खेदाने सांगावे लागते, जवळजवळ काहीच नाही. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या खाणींवरील मातीत निकेल आहे, पण ते किफायतशीरपणे वेगळे काढणे अजून साधलेले नाही. गोव्यात कुंकळ्ळी येथे निकेल तयार करणारा एक कारखाना आहे, पण देशाची गरज त्याच्या आवाक्याबाहेरची. म्हणून रुपया पोलादाचा झाला, यात दुःख मानण्याचे कारण नाही. त्या पोलादी नाण्यांच्या चकत्या याच राज्यातील सेलमच्या पोलाद कारखान्यात कापल्या जाऊ लागल्या. १८६९ मध्ये या प्रांताची टाकसाळ बंद झाली खरी, पण नाण्याशी असलेले त्याचे नाते असे वेगळ्या वाटेने पुन्हा जुळले.

असो. कन्येच्या प्रश्नास उत्तर देऊन झाल्यावर तिने एक शेवटचे नाणे चुंबकाखाली धरले. २०१९ मध्ये घोषित झालेले वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे होते ते. चुंबक चिकटला नाही. त्याच्या बाहेरील कड्यात तांबे, जस्त आणि वीस टक्के निकेल आहे. बावीसशे वर्षांपूर्वी बाख्त्रियाच्या राजांनी जवळपास हेच प्रमाण वापरले होते. निकेल नाण्यातून गेले असे मी तिला नुकतेच सांगितले होते, ते मला परत घ्यावे लागले.

आजीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. पणजीने धातूवर विश्वास ठेवला आणि तो फळला. आजोबांनी शब्दावर विश्वास ठेवला आणि तो पुरता फळला नाही. तरीही मला आजोबांची बाजू घ्यावीशी वाटते. आपण सारे त्याच शब्दाच्या बळावर घर सोडून परमुलखात नोकरी करतो. महिनाअखेरीस जो आकडा खात्यात जमा होतो, त्यात तर निकेलही नाही. तो शब्द पाळला जावा, रुपयाने पिढ्यानुपिढ्या घटू नये, ही जबाबदारी धातूची नसून तो शब्द देणाऱ्यांची आहे, आणि त्या यंत्रणेतील एक लहानसे चाक म्हणून थोडी आपलीही आहे.

वाचकांस एकच विनंती. गावी गेलात की जुन्या डब्यांतील नाणी व मांडणीवरील नाव घातलेली भांडी मोडीत घालण्यापूर्वी एकदा पाहावीत. कोणी, कोणत्या साली, कशासाठी ती ठेवली, हे विचारून घरातील वहीत लिहून ठेवावे. सांगणारी माणसे धातूइतकी टिकाऊ नसतात.